ऋणनिर्देश : ग्रंथामागील माणसांची नोंद

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• प्रस्तावना, मनोगत, अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश यांतील भेद सांगता येईल;
• आभार मानणे ही एक भाषिक कृती कशी आहे, हे स्पष्ट करता येईल;
• मराठी ग्रंथपरंपरेतील ऋणनिर्देशाची काही रूपे ओळखता येतील;
• ऋणनिर्देशाच्या वाक्यरचनेवरून लेखक आणि साहाय्यक यांच्या संबंधांचा अर्थ लावता येईल;
• स्वतःच्या लेखनासाठी नेमका व प्रामाणिक ऋणनिर्देश लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ग्रंथ हाती आल्यावर आपण बहुधा अनुक्रमणिका पाहतो आणि पहिल्या प्रकरणाकडे वळतो. त्याआधीची चार-सहा पाने वाचायची राहून जातात. त्या पानांवर लेखकाने कोणाकोणाचे आभार मानलेले असतात. ती नावे आपल्या ओळखीची नसतात आणि परीक्षेत त्यांवर प्रश्न येत नाही, त्यामुळे हा मजकूर केवळ उपचार होय, असा समज रूढ झाला आहे.

हा समज तपासून पाहणे हा या पाठाचा हेतू आहे. मुखपृष्ठावर लेखकाचे एकट्याचे नाव असते. परंतु ग्रंथ एकट्याने होत नाही. कोणी पोथी उसनी देतो, कोणी मुद्रिते तपासतो, कोणी पैसा पुरवितो, कोणी घर सांभाळतो. या सर्वांची नोंद होण्याची ग्रंथातील जागा एकच असते आणि ती म्हणजे ऋणनिर्देश. त्यामुळे तो वाचला म्हणजे ग्रंथ कसा घडला हे कळते. आणि त्यात कोणाचे नाव नाही हे पाहिले, म्हणजे त्या काळात कोणाचे श्रम श्रम म्हणून गणले जात नव्हते, हेही कळते.

२. ग्रंथाचा उंबरठा

मुख्य संहितेच्या भोवती जो मजकूर असतो, त्याचा स्वतंत्र विचार फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. त्या ग्रंथाच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थच 'उंबरठे' असा आहे. शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, टिपा यांना जनेत ग्रंथाचा उंबरठा मानतात. उंबरठा पूर्णपणे घरातही नसतो आणि बाहेरही नसतो. तेथे उभे राहून यजमान पाहुण्याशी बोलतो. मराठी ग्रंथांच्या या उंबरठ्यावर साधारणतः चार प्रकारचा मजकूर आढळतो.

प्रस्तावना ग्रंथाच्या विषयाचा आणि भूमिकेचा परिचय करून देते. मराठीत ती पुष्कळदा लेखकाहून वेगळ्या, अधिकारी व्यक्तीने लिहिलेली असते. मनोगत किंवा 'दोन शब्द' हे लेखकाचे स्वतःचे निवेदन असते. ग्रंथ का लिहिला, कसा लिहिला, हे तो तेथे सांगतो. अर्पणपत्रिकेत ग्रंथ कोणाच्या तरी चरणी, हाती किंवा स्मृतीस वाहिलेला असतो. ऋणनिर्देशात ग्रंथ सिद्ध होण्यास ज्यांचे साहाय्य झाले, त्यांचा उल्लेख असतो. तो कधी स्वतंत्र पानावर येतो, तर कधी मनोगताच्या अखेरच्या परिच्छेदांत मिसळलेला असतो.

शेवटच्या दोहोंतील भेद विशेष लक्षात घ्यावा. महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी ज्यांनी औदार्य दाखविले, त्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केला. त्या लोकांनी फुल्यांना हा ग्रंथ लिहिण्यास साहाय्य केलेले नव्हते; त्यांचे आणि लेखकाचे नाते मूल्यांचे होते. म्हणून ती अर्पणपत्रिका आहे. याउलट 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ साली सिद्ध झालेल्या ग्रंथाच्या उपोद्घातात फुले सांगतात, की अनेक गावांच्या लोकांनी हा मजकूर आग्रहाने वाचवून घेऊन ऐकला आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीही राज्यकारभारातून वेळ काढून तो ऐकला व द्रव्याची मदत केली. त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. येथे व्यक्ती ठाऊक आहे, तिने केलेली कृती ठाऊक आहे आणि त्या कृतीचा लेखकाला झालेला लाभही ठाऊक आहे. हा ऋणनिर्देश होय. अर्पणपत्रिका निष्ठा सांगते, ऋणनिर्देश घडलेली गोष्ट सांगतो.

ऋणनिर्देश आणि संदर्भ यांतही गल्लत करू नये. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलेला विचार संदर्भ म्हणून त्या त्या ठिकाणी नोंदवावा लागतो. तो न नोंदविता अखेरीस 'अमुक यांचा आभारी आहे' असे लिहिल्याने वाङ्मयचौर्याचा दोष टळत नाही.

३. शब्दांचा विचार : ऋण, उपकार, आभार, कृतज्ञता

या व्यवहारासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. ते समानार्थी मानले जातात. परंतु त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहिली, की त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या होतात.

'ऋण' हा शब्द फार जुना आहे. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, ही कल्पना तैत्तिरीय संहितेत येते : ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडावयाचे. शतपथ ब्राह्मणात यांत मनुष्यांच्या ऋणाची भर पडते. विद्या ही ऋषींकडून मिळालेली असून तिचे ऋण पुढे शिकून व शिकवूनच फिटते, हा यातील विचार ग्रंथलेखनाशी निकट आहे. आजच्या भाषेत ऋण आपण काढतो, फेडतो, मान्य करतो किंवा त्याचा निर्देश करतो. म्हणजे ऋणाला परतफेडीची अपेक्षा चिकटलेली आहे.

'उपकार' करतात, स्मरतात, फेडतात आणि विसरतातही. यात देणारा उंचावर आणि घेणारा खाली, अशी रचना सूचित होते. म्हणूनच 'उपकार केलेस का?' हा प्रश्न मराठीत उपरोधाने विचारता येतो.

'आभार' या शब्दाचे वर्तन निराळे आहे. तो कृतज्ञतेच्या अर्थी अनेकवचनात वावरतो ('आभार मानले') आणि त्याच्याबरोबर 'मानणे' हे क्रियापद येते. आभार फेडता येत नाहीत. 'मानणे' म्हणजे कबूल करणे, स्वीकारणे. शब्दात 'भार' उघड दिसतो. दुसऱ्याने आपल्यासाठी उचललेला भार कबूल करणे, असा अर्थ आपण त्यातून घेऊ शकतो.

'कृतज्ञ' या संस्कृत शब्दाची फोड अधिक बोलकी आहे : कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. कृतज्ञता ही मुळात भावना नसून जाणीव आहे. कोणी काय केले हे ठाऊक असणे. त्याचा विरोधी शब्द 'कृतघ्न' हा 'केलेले नाहीसे करणारा' असा अर्थ सांगतो. येथे उपयोगी पडेल असे एक सूत्र या व्युत्पत्तीतून हाती येते : ज्या ऋणनिर्देशात कोणी काय केले याचे ज्ञान नाही, त्यात भावना कितीही उचंबळून आलेली असली, तरी कृतज्ञता अपुरी आहे.

४. आभार मानणे ही भाषिक कृती

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या व्याख्यानांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. भाषेने आपण केवळ माहिती देत नाही, तर कृतीही करतो, हा त्यातील मुख्य विचार. 'पाऊस पडत आहे' हे विधान खरे की खोटे हे तपासता येते. 'मी आपले आभार मानतो' हे वाक्य मात्र एखाद्या घटनेचे वर्णन करीत नाही. ते उच्चारणे हीच आभार मानण्याची कृती असते. जॉन सर्ल यांनी १९६९ साली या विचाराची अधिक काटेकोर मांडणी केली आणि आभार मानण्याच्या कृतीस आवश्यक असलेल्या अटी सांगितल्या. त्या सोप्या शब्दांत अशा :

(१) ज्याचे आभार मानावयाचे, त्याने पूर्वी काही केलेले असले पाहिजे.
(२) त्या कृतीचा वक्त्यास लाभ झालेला असला पाहिजे आणि वक्त्याला तसे वाटत असले पाहिजे.
(३) वक्त्याच्या मनात कृतज्ञता असली पाहिजे.

या अटी समोरासमोरच्या बोलण्यास तंतोतंत लागू पडतात. ग्रंथातील ऋणनिर्देशात एक गोष्ट अधिक घडते. तेथे आभार ज्याचे मानले जातात तो एक श्रोता असतो. आणि ज्याचा या व्यवहाराशी संबंध नाही असा वाचक हा दुसरा श्रोता असतो. म्हणूनच साहाय्यकाचा उल्लेख बहुधा तृतीय पुरुषात येतो : 'अमुक यांचा मी आभारी आहे.' घरी जाऊन आभार मानता येत असताना ते छापावे का लागतात, याचे उत्तर या दुसऱ्या श्रोत्यात आहे. छापील आभार ही जाहीर साक्ष असते. मराठी माणूस घरात, जिव्हाळ्याच्या माणसांचे आभार मानावयास संकोचतो. 'आभार मानून परके करू नका' असे आपण म्हणतो. तोच माणूस ग्रंथात मात्र पत्नीचे, भावाचे, मित्राचे आभार मानतो. हा विसंवाद नव्हे. घरात साक्षीची गरज नसते, ग्रंथात असते.

५. मराठी ग्रंथपरंपरेतील रूपे

५.१ हस्तलिखितांचा काळ

मुद्रणपूर्व काळात ऋणनिर्देश असा स्वतंत्र भाग नव्हता. त्याचे कार्य ग्रंथारंभीची वंदने आणि ग्रंथाच्या अखेरीचा समाप्तिलेख ही करीत. ज्ञानेश्वरीत निवृत्तिनाथांविषयीची कृतज्ञता जागोजागी येते आणि श्रोत्या संतांच्या अवधानाला तर कर्तृत्वाचा वाटा दिलेला आहे. ग्रंथाच्या अखेरच्या ओवीत शके १२१२ हे वर्ष, टीकाकार म्हणून ज्ञानेश्वर आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबा यांची नावे एकत्र येतात. येथे 'लेखक' म्हणजे लिहून घेणारा. ज्याने बोललेले शब्द आदराने लिहून घेतले, त्याचे नाव ग्रंथाच्या आत, छंदात बांधून ठेवलेले आहे. लेखनिकाच्या श्रमाला इतके सन्मानाचे स्थान नंतरच्या छापील ग्रंथांत क्वचितच मिळाले.

नकलून काढलेल्या पोथ्यांच्या समाप्तिलेखांत लेखनिक स्वतःच बोलतो. पोथी कोणत्या शकात, कोठे, कोणाच्या वाचनासाठी उतरवून काढली, हे तो नोंदवितो. पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर खिळवून हे लिहिले आहे, तेव्हा पोथी जपा, अशी विनवणी करणारा एक संस्कृत श्लोकही परंपरेने पोथ्यांत आढळतो. आभार मानणारा कोणी नसला, तर श्रम करणारा आपली नोंद आपणच करून ठेवतो, हे यावरून दिसते.

५.२ मुद्रणाचा आरंभ

मुद्रणाबरोबर साहाय्याचे प्रकार वाढले. विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले. त्यामागे वैजनाथ पंडितांचे भाषाज्ञान होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. या कामी जॉर्ज आणि टॉमस कँडी हे बंधू त्यांचे सहकारी होते आणि शब्दसंग्रहासाठी शास्त्रीमंडळ राबत होते. त्याच शास्त्र्यांचा मराठी-मराठी कोश १८२९ साली प्रसिद्ध झाला असल्याने जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, परशुरामपंत गोडबोले आदी नावे आज आपणांस ठाऊक आहेत. परंतु बोलताना आपण 'मोल्सवर्थ' एवढेच म्हणतो. ग्रंथाची ओळख एका नावाने होते आणि बाकीची नावे उंबरठ्यावर राहतात.

५.३ लोकाश्रय

राजाश्रय घटल्यावर आणि पुस्तकांचा बाजार पुरता उभा राहण्यापूर्वी मोठी कामे वर्गणीदारांच्या बळावर झाली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' या तेवीस खंडांच्या प्रकल्पासाठी मर्यादित कंपनी स्थापन केली आणि भागधारक व ग्राहक मिळवून १९२० च्या दशकात तो तडीस नेला. या उद्योगाची हकीकत त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात सांगितली. त्यांच्या पत्नी शीलवती केतकर यांनी पुढे सहजीवनाची कहाणी स्वतंत्र पुस्तकात लिहिली. तिचे शीर्षक 'मीच हे सांगितले पाहिजे' असे आहे. कर्त्या पुरुषाच्या ग्रंथामागचे घर कसे चालले, हे आभाराच्या एका वाक्यात मावत नाही, याची खूण त्या शीर्षकातच आहे.

लोकाश्रयाची ही रीत पुढेही राहिली. 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने १९७० च्या दशकात वाचकांनाच सहभागी करून घेऊन पुस्तके काढली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) त्यांतील एक. आजही 'प्रकाशनपूर्व सवलत' जाहीर करून पुस्तकाची आगाऊ नोंदणी केली जाते. पुस्तक छापून होण्यापूर्वीच ज्याने पैसे भरले, तो केवळ ग्राहक नसतो. त्याने लेखकावर विश्वास टाकलेला असतो.

६. दोन उदाहरणे : ऋणनिर्देशाचे मोल

ऋणनिर्देश हा निव्वळ उपचार असता, तर तो असल्या-नसल्याने काही बिघडले नसते. पुढील दोन घटना तसे नसल्याचे दाखवितात.

६.१ न छापला गेलेला ऋणनिर्देश

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी १९५६ साली प्रास्ताविक लिहिलेले होते. ग्रंथ लिहीत असताना आपली प्रकृती किती ढासळत गेली, हे सांगून पत्नी सविता आंबेडकर आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळेच आपण हे काम पुरे करू शकलो, असे त्यांनी त्यात कृतज्ञतेने नमूद केले होते. मजकूर टंकलिखित करणारे नानकचंद रत्तू आणि प्रकाश चंद तसेच मुद्रिते पाहणारे म. भि. चिटणीस यांचेही त्यांनी आभार मानले होते.

पहिल्या आवृत्तीत हे प्रास्ताविक छापले गेले नाही. बाबासाहेबांच्या निधनानंतर सविता आंबेडकर यांच्याविषयी समाजात संशयाचे वातावरण होते आणि त्याची झळ त्यांना दीर्घकाळ सोसावी लागली. ज्या व्यक्तीच्या बाजूने साक्ष देणारे शब्द खुद्द लेखकाने लिहून ठेवले होते, ती व्यक्ती त्या शब्दांवाचून राहिली. भगवान दास यांनी १९८० साली बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावनांच्या संग्रहात ते प्रास्ताविक प्रसिद्ध केले. ऋणनिर्देश ही साक्ष असते, असे वर म्हटले, त्याचा अर्थ येथे स्पष्ट होतो. साक्ष वेळेवर नोंदली गेली नाही, तर तिची किंमत लेखक नव्हे, तर ज्याचे आभार मानावयाचे तो मोजतो.

६.२ छापला गेलेला ऋणनिर्देश

दुसरी घटना उलट दिशेची आहे. अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांविषयीचे इंग्रजी पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातील मजकुरामुळे महाराष्ट्रात संताप उसळला. त्या मजकुराची चर्चा हा या पाठाचा विषय नाही. आपल्या विषयाशी संबंध आहे तो पुढील गोष्टीचा : लेखकाने प्रास्ताविकात पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे आणि काही अभ्यासकांचे आभार मानले होते. डिसेंबर २००३ मध्ये त्यांपैकी एका संस्कृत पंडितांच्या तोंडास काळे फासण्यात आले आणि ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेवर हल्ला करून ग्रंथ व संग्रहाची नासधूस केली.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथे एका भाषिक कृतीचे वाचन दुसरीच कृती म्हणून झाले. आभार मानणे म्हणजे 'यांनी मला ग्रंथालय वापरू दिले', 'यांनी मला संस्कृत वाचण्यास मदत केली' असे सांगणे. त्याचा अर्थ 'यांना माझे म्हणणे मान्य आहे' असा होत नाही. सर्ल यांच्या अटी पुन्हा पाहा. त्यांत सहमतीची अट नाही. आभार मानण्याची कृती लेखक करतो. ज्याचे आभार मानले त्याने त्या मजकुराखाली सही केलेली नसते, पुष्कळदा तो मजकूर वाचलेलाही नसतो. हा भेद वाचकाला ठाऊक नसला, तर ग्रंथपालाला पुस्तक देणेही धोक्याचे होईल आणि विद्वान दुसऱ्यास शंका सांगण्यापूर्वी दहा वेळा विचार करील.

हा भेद लेखकाने शब्दांत स्पष्ट करावा, यासाठीच ऋणनिर्देशाच्या अखेरीस एक वाक्य लिहिण्याची प्रथा आहे : ग्रंथातील मतांची आणि उणिवांची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. ते विनयाचे वाक्य समजले जाते. वस्तुतः ते संरक्षणाचे वाक्य आहे. श्रेय वाटून द्यावयाचे आणि दोष स्वतःकडे ठेवावयाचा, अशी त्याची रचना असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या अनुदानातून निघालेल्या पुस्तकांत लेखकाच्या मतांशी मंडळ व शासन सहमत असेलच असे नाही, अशी नोंद असते. तेथे तोच भेद साहाय्य करणाऱ्याने आपल्या बाजूने सांगितलेला असतो.

७. वाक्यरचना काय सांगते?

आता ऋणनिर्देशाची भाषा जवळून पाहू. पुढील वाक्ये नमुन्यादाखल रचलेली आहेत.

(अ) या कामी अनेकांचे बहुमोल साहाय्य झाले.
(आ) ग्रंथालयातील सहायकांनी माळ्यावरचे जुने अंक तीन दिवस शोधून काढून दिले.
(इ) हस्तलिखिताचे टंकलेखन वेळेत पूर्ण झाले.
(ई) गुरुवर्यांनी वेळोवेळी मार्गदर्शन केले आणि पत्नीने साथ दिली.

वाक्य (अ) मध्ये 'झाले' हे क्रियापद आहे. साहाय्य करणारा कर्ता उरलेला नाही. साहाय्य जणू आपोआप घडले. वाक्य (आ) मध्ये '-नी' हा तृतीयेचा प्रत्यय कर्ता दाखवितो, 'तीन दिवस' हे कालमान श्रमाचे माप सांगते आणि 'काढून दिले' यातील 'देणे' हे सहायक क्रियापद ते काम लेखकासाठी झाले हे दाखविते. वाक्य लहान आहे, स्तुतीचे विशेषण एकही नाही, तरी वाचकाला काय घडले ते दिसते. 'बहुमोल', 'अनमोल', 'मोलाचे' या विशेषणांची गर्दी बहुधा तपशिलाची उणीव झाकण्यासाठी होते.

वाक्य (इ) मध्ये शेकडो पाने टंकित करणारी व्यक्ती अदृश्य झाली आहे. एकेकाळी छापखान्यातील जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत. त्यांचा उल्लेख झाला तरी 'मुद्रणालयाचा कामगारवर्ग' असा समूहवाचक होई. मालकाचे नाव, कामगारांचा वर्ग, ही विभागणी व्याकरणाने केलेली नाही. परंतु व्याकरणात ती उमटली आहे.

वाक्य (ई) मधील आदरार्थी अनेकवचन पाहा. गुरूंना '-नी' आणि पत्नीला '-ने'. मराठीत आदर आणि जवळीक या दोहोंची खूण वचनात असल्यामुळे पत्नीसाठी येणारे एकवचन अनादराचेच असते असे नाही. ते जवळिकीचेही असते. पण क्रियापदांकडे लक्ष द्या. गुरूंचे काम 'मार्गदर्शन' या निश्चित शब्दाने सांगितले आहे, तर पत्नीचे 'साथ' या संदिग्ध शब्दाने. त्या 'साथी'त मुद्रिते तपासणे होते, की आजारी सासूची शुश्रूषा, की स्वतःचे शिक्षण बाजूला ठेवणे, हे आपणांस कधीच कळणार नाही. पुष्कळदा तिचे नावही येत नाही. 'माझी पत्नी' एवढाच उल्लेख असतो.

दोन रूढ वाक्यांचाही विचार करावा. 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' या वाक्यात 'अज्ञात' हा शब्द विचित्र आहे, कारण कृतज्ञता म्हणजे जाणणे हे आपण पाहिले. दूरच्या, न भेटलेल्या माणसांसाठी तो शब्द क्षम्य ठरेल. आठवण्याचा कंटाळा झाकण्यासाठी नव्हे. 'त्यांचे आभार न मानता त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल' हे दुसरे वाक्य. जे ऋण फिटण्यासारखे नाही त्याची कबुली म्हणून ते कोणीतरी प्रथम लिहिले असेल, तेव्हा सुंदर असेल. आज ते इतके झिजले आहे, की त्यात ऋण कशाचे हे सांगण्यातून सुटका करून घेतली जाते.

८. ऋणनिर्देश लिहिताना

आपण प्रकल्प-अहवाल, प्रबंधिका किंवा पुढे स्वतःचे पुस्तक लिहाल. त्या वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) काम सुरू होताच साहाय्य करणाऱ्यांची नोंद ठेवण्यास आरंभ करावा. अखेरीस केवळ स्मरणावर विसंबल्यास ठळक नावे उरतात आणि लहान कामे करणारी माणसे गळतात.
(२) व्यक्ती, कृती आणि लाभ ही तिन्ही सांगावीत. 'सहकार्य' या शब्दाऐवजी प्रत्यक्ष काय केले ते लिहावे.
(३) ज्यांची नावे द्यावयाची, त्यांची संमती घ्यावी. मुलाखती देणाऱ्या, बोलीचे नमुने सांगणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे विशेष आवश्यक आहे. नाव देणे हा सन्मान असतो. कधी नाव न देणे हीच काळजी असते.
(४) ज्याने काही केले नाही, त्या मोठ्या व्यक्तीचे नाव वजन यावे म्हणून घालू नये. सर्ल यांची पहिली अट तेथेच मोडते.
(५) कमी प्रतिष्ठेच्या कामाला कर्ता द्यावा. 'टंकलेखन झाले' असे न लिहिता ते ज्यांनी केले त्यांचे नाव लिहावे.
(६) मतांची व उणिवांची जबाबदारी स्वतःवर घ्यावी.
(७) लांबी आटोपशीर असावी. दोन नेमकी वाक्ये दोन पाने भरणाऱ्या विशेषणांपेक्षा अधिक सांगतात.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घरकाम सांभाळून मुक्त विद्यापीठाचे शिक्षण घेत आहेत. संपर्कसत्राच्या दिवशी कोणीतरी आपली पाळी बदलून घेते, कोणीतरी मूल सांभाळते, कोणीतरी परीक्षेच्या शुल्काची तजवीज करते. हे सर्व ज्ञाननिर्मितीच्या बाहेरचे नाही. आपल्या अहवालाच्या पहिल्या पानावर ते एका साध्या वाक्यात लिहिता आले, तर हा पाठ समजला असे म्हणता येईल.

९. सारांश

ऋणनिर्देश हा ग्रंथाच्या उंबरठ्यावरील मजकूर असून तो अर्पणपत्रिकेहून आणि संदर्भाहून भिन्न आहे. तो एक भाषिक कृती आहे आणि वाचकापुढे दिलेली साक्षही आहे. हस्तलिखितांच्या काळात समाप्तिलेखांनी, मुद्रणाच्या काळात उपोद्घात व मनोगतांनी हे कार्य केले. न छापलेला ऋणनिर्देश व्यक्तीला तिच्या साक्षीपासून वंचित करू शकतो. छापलेला ऋणनिर्देश सहमती म्हणून वाचला गेल्यास साहाय्य करणारा संकटात येऊ शकतो. वाक्यातील कर्ता, क्रियापद, वचन आणि तपशील यांवरून कोणाचे श्रम दृश्य झाले व कोणाचे अदृश्य राहिले, हे ओळखता येते. कृतज्ञता म्हणजे केलेले जाणणे. तेव्हा जेवढे जाणले तेवढे नेमके लिहिणे हीच ऋणनिर्देशाची कसोटी होय.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश यांतील भेद महात्मा फुले यांच्या दोन ग्रंथांच्या आधारे स्पष्ट करा.
(२) 'आभार', 'ऋण' आणि 'उपकार' या शब्दांबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरून त्यांच्या अर्थांतील फरक सांगा.
(३) 'आभार मानणे म्हणजे सहमती नव्हे' या विधानाची भाषिक कृतीच्या सिद्धांताच्या आधारे चर्चा करा.
(४) आपल्याजवळील कोणत्याही तीन मराठी पुस्तकांतील ऋणनिर्देश वाचा. त्यांत कोणाची नावे आहेत, कोणाचा उल्लेख केवळ नात्याने किंवा समूहाने आला आहे आणि कोणत्या कामांना कर्ता नाही, याचा तक्ता तयार करा.
(५) आपल्या प्रकल्प-अहवालासाठी सुमारे शंभर शब्दांत ऋणनिर्देश लिहा. त्यात एकही मोघम विशेषण वापरू नका.